धूर आणि अग्नि : बालातिसाराच्या प्रतिकाराची खूण

गेल्या पौष महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. निमित्त होतें आमच्या दहा महिन्यांच्या नातवाचें. त्याच्या अंगांत कसर होती, एक दिवसभर ओकाऱ्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनीं मळाची तपासणी करविली तेव्हां हा 'रोटा' नांवाच्या विषाणूचा अतिसार ठरला. पांच दिवसांत मूल पूर्ववत् खेळूं लागलें. रुग्णालयांत ठेवावें लागलें नाहीं. परंतु मूल बरें झालें तरी वाद मिटेना. कारण ह्याच विषाणूवरील लशीचे तिन्ही डोस त्यास सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत वेळच्या वेळीं पाजलेले होते.

"मग ते डोस गेले कोठें?" हा आमच्या कुटुंबाचा प्रश्न. "कोरोनाच्या वेळीं आपण अँटिबॉडी तपासून घेतल्या, तशा बाळाच्याही घेऊं, लस लागली कीं नाहीं, एकदां कळेल तरी," हें चिरंजिवांचें म्हणणें. घरांत सर्वांत वडील आमच्या मातोश्री. त्यांचें वय शहाऐंशीं. त्या म्हणाल्या, "दांतांचे जुलाब ते. त्यांना कसली आली आहे लस!" सूनबाईंनीं मात्र एवढेंच विचारलें, "बाबा, बाळाला आणखी एकदां सुई टोचून जें कळेल, त्यानें त्याचें कांहीं भलें होणार आहे का?"

हा शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत मार्मिक वाटला. आम्ही वैद्य नव्हे. आमचा जन्म मुलांस संस्कृत शिकविण्यांत गेला. परंतु ह्या एका प्रश्नासाठीं जें वाचलें, जाणत्यांस विचारलें व मनाशीं घोळविलें, तें ज्यांच्या घरीं पाळणा हलतो आहे अशा वाचकांच्या उपयोगीं पडेल, म्हणून येथें मांडीत आहों.

चाकासारखा विषाणु

मुलांचा अतिसार पुरातन आहे. परंतु त्याचें हें प्रमुख कारण मनुष्याच्या दृष्टीस पडलें तें १९७३ सालीं. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटल हें मुलांचें रुग्णालय आहे. तेथें रूथ बिशप ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं, अतिसारानें आजारी असलेल्या मुलांच्या लहान आंतड्याच्या आरंभींच्या भागांतून अगदीं बारीक तुकडे घेऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. आंतड्याच्या अस्तरांतील पेशी एका नव्या विषाणूनें भरलेल्या दिसल्या. तोंपर्यंत अशा बहुतेक आजारांचें कारण सांपडतच नसे. पुढच्याच वर्षीं बर्मिंगहॅमच्या टॉमस फ्लेवेट ह्यांनीं, हा विषाणु आरे असलेल्या चाकासारखा दिसतो म्हणून, त्यास लॅटिन भाषेंतील 'रोटा' म्हणजे चाक हें नांव सुचविलें. आमच्यासारख्या संस्कृताच्या मास्तरास येथें थोडें थांबावेसें वाटतें. कारण लॅटिन 'रोटा' आणि आपला 'रथ' हे शब्द एकाच मूळ धातूचीं अपत्यें आहेत.

ह्या चाकास एकाबाहेर एक अशीं तीन आवरणें असतात. अगदीं आंत त्याचें जननद्रव्य अकरा तुकड्यांत गुंडाळलेलें असतें. बाहेरच्या आवरणावर कांट्यांसारखीं टोंकें असतात, त्यांच्या साह्यानें तो आंतड्याच्या पेशीस चिकटतो. मधलें आवरण आपण विशेष लक्षांत ठेवावें, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे.

आपल्या लहान आंतड्याच्या आंतील बाजूस मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, व अन्नपाणी शोषून घेण्याचें काम त्यांच्या टोंकांवरील पेशी करितात. विषाणु नेमक्या ह्याच पेशींचा नाश करितो. शिवाय त्यानें निर्माण केलेलें एक द्रव्य स्वतःच विषासारखें वागून शरीरांतील पाणी आंतड्यांत ओढतें. म्हणजे एकीकडून शोषण बंद आणि दुसरीकडून गळती सुरू. मोठ्या माणसाच्या शरीरांतील पाण्याचा सांठा मोठा, म्हणून तो तगतो. सात-आठ किलो वजनाचें मूल एका दिवसांत सुकतें.

दांतांच्या जुलाबांचें काय? सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचा काळ हा दांत येण्याचा, आणि हाच ह्या विषाणूचा मुख्य काळ. कावळा बसण्यास व फांदी मोडण्यास एकच गांठ पडली म्हणजे जें होतें, तेंच येथें झालें. शास्त्रकारांनीं ह्यास काकतालीय न्याय म्हटलें आहे. पिढ्यान् पिढ्या आपण दोष दांतांस दिला आणि चोर निसटला.

दुसरा एक समज आपल्या सुशिक्षित घरांतून विशेष आढळतो, तो असा कीं, ज्यांच्या घरीं स्वच्छता आहे, पाणी गाळून उकळून घेतात, त्यांच्याकडे हा रोग येत नाहीं. पटकी व विषमज्वर ह्यांच्या बाबतींत ही गोष्ट पुष्कळ अंशीं खरी. परंतु रोटा विषाणु सोवळ्याओवळ्यास भीत नाहीं. आजारी मुलाच्या एक ग्रॅम मळांत तो अब्जावधि संख्येनें असतो, आणि नवीन मुलास बाधण्यास त्यांतील थोडेसेच पुरतात. हातांवर व खेळण्यांवर तो पुष्कळ वेळ टिकतो. लस येण्यापूर्वीं अमेरिकेसारख्या देशांतही जवळजवळ प्रत्येक मुलास पांच वर्षांच्या आंत तो एकदां तरी गांठीतच असे. भेद असतो तो बाधा होण्यांत नव्हे, मरण्यांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें २००० सालीं जगांत सुमारें ५,२८,००० मुलें ह्या विषाणूनें दगावलीं. २०१३ सालीं सुमारें २,१५,०००. त्यांपैकीं शेंकडा बावीस एकट्या भारतांतील होतीं.

पहिल्या बाधेचा धडा

आतां मुख्य विषयाकडे वळूं. एकदां गोवर येऊन गेला कीं तो सहसा पुन्हां येत नाहीं. रोटाची गोष्ट तशी नाहीं. तो पुन्हां येतो. परंतु दर खेपेस त्याचा जोर कमी होतो. मेक्सिको शहरीं २०० अर्भकांवर जन्मापासून दोन वर्षें पाळत ठेवून काढलेला निष्कर्ष १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. एक बाधा होऊन गेलेल्या मुलांस पुढें ह्या विषाणूचे जुलाब होण्याचा धोका शेंकडा ७७ नीं घटला, दोन बाधांनंतर ८३ नीं, तीन बाधांनंतर ९२ नीं. दोन बाधा होऊन गेलेल्या एकाही मुलास मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचा आजार झाला नाहीं. विशेष हें कीं, पहिली बाधा कोणतेंही लक्षण न दाखवितां गुपचूप होऊन गेलेली असली, तरी शिकवण पदरीं पडतेच.

आपल्याकडे वेल्लोर येथें ३७३ मुलांवर तीन वर्षें असाच अभ्यास झाला व तो २०११ सालीं प्रसिद्ध झाला. तेथील चित्र इतकें आशादायक नव्हतें. बाधा फार लवकर व पुनःपुन्हां होत होत्या, आणि तीन बाधांनंतरही मध्यम व तीव्र आजारापासून मिळणारें संरक्षण शेंकडा ७९ इतकेंच भरलें. गुरु एकच, धडा एकच. परंतु दोन गांवच्या विद्यार्थ्यांनीं तो निरनिराळ्या प्रमाणांत आत्मसात् केला. असें कां व्हावें, हें पुढें पाहूं.

हा धडा शरीर कोठें लिहून ठेवतें? त्याचा एक भाग प्रतिपिंडांच्या रूपानें राहतो. डॉक्टर ज्यांस अँटिबॉडी म्हणतात, तींच हीं. शत्रूच्या विशिष्ट आकारास बरोबर बसतील अशीं हीं प्रथिनें शरीर तयार करितें. त्यांच्या अनेक जातींपैकीं येथें दोहोंचें कारण आहे. एक आयजीजी, हें रक्तांत मुबलक असतें, वारेंतून गर्भाकडे जातें, आणि जन्मानंतर कांहीं महिने आईची शिदोरी म्हणून मुलास पुरतें. दुसरें आयजीए, हें विशेषतः शरीराच्या ओलसर पृष्ठभागांवरील पहारेकरी होय. आंतड्याच्या भिंतींत तें तयार होतें, जोडीजोडीनें एकत्र बांधलें जातें, अस्तरांतील पेशींच्या आरपार नेलें जातें, आणि पलीकडे आंतड्याच्या पोकळींत सोडलें जातें. आईच्या दुधांतही तें असतें, आणि पहिल्या दिवसांच्या चिकांत तर विपुल असतें.

रक्तांतील प्रतिपिंडें मोजण्याची रीत साधी व सुंदर आहे. छोट्या वाट्यांच्या तबकडींत विषाणूचे अंश चिकटवून ठेवतात. मुलाचें रक्त गोठल्यावर वर जें पिवळसर पाणी राहतें, तें त्यांत घालतात. त्यांत नेमकीं प्रतिपिंडें असतील तर तीं विषाणूस घट्ट धरून राहतात. बाकीचें धुऊन जातें. नंतर रंग उत्पन्न करणारें एक द्रव्य जोडलेलें दुसरें प्रतिपिंड घालतात. रंग चढला म्हणजे खूण पटली. तें पाणी दुप्पट, चौपट, आठपट असें पातळ करीत गेल्यावर कोठपर्यंत रंग टिकतो, त्यावरून माप ठरतें.

धूर दिसला म्हणून

येथें आम्हांस न्यायशास्त्राचा पहिला पाठ आठवला. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तेथें अग्नि आहे असें आपण अनुमान करितों. अग्नि प्रत्यक्ष दिसत नाहीं. धूर ही त्याची खूण, शास्त्राच्या भाषेंत 'लिंग'. परंतु हें अनुमान खरें ठरण्यास 'जेथें जेथें धूर तेथें तेथें अग्नि' हा अव्यभिचारी संबंध, म्हणजे व्याप्ति, आधीं सिद्ध पाहिजे. स्वयंपाकघराच्या चुलीपाशीं तो आपण पाहिलेला असतो म्हणून डोंगरावर चालतो.

मुलाच्या अंगीं असलेला प्रतिकार हा असाच न दिसणारा अग्नि आहे. तो प्रत्यक्ष पाहावयाचा तर मुलास पुन्हां विषाणु गांठीपर्यंत वाट पाहावी लागेल. म्हणून संशोधक धूर शोधतात. आणि आजपर्यंत हातीं लागलेला सर्वांत चांगला धूर म्हणजे रक्तांतील आयजीए. मेक्सिकोच्या त्याच मुलांचें रक्त तपासून २००० सालीं जें प्रसिद्ध झालें तें असें: ज्यांचें आयजीए आठशेंपट पातळ केल्यानंतरही टिकत होतें, त्यांस पुढें बाधा व जुलाब पुष्कळच कमी झाले, आणि मध्यम वा तीव्र आजार तर मुळींच झाला नाहीं. उलट, आयजीजी भरपूर असलेल्या मुलांस बाधा कमी झाली, पण एकदां बाधा झाल्यावर जुलाबांपासून तसें संरक्षण दिसलें नाहीं. पहारा आंतड्याच्या दारीं हवा. मग रक्तांतलें आयजीए हें त्या पहाऱ्याची दुरून दिसणारी पडछाया समजावी.

असल्या खुणेची गरज केवळ जिज्ञासेपुरती नाहीं. नवी लस गुणकारी आहे हें सिद्ध करण्यास हजारों मुलांपैकीं कांहींस खरी लस व कांहींस तसेंच दिसणारें निरुपद्रवी द्रव्य पाजून, कोण आजारी पडतें तें पाहावें लागतें. एकदां चांगली लस हातीं आल्यावर, पुढच्या लशीच्या परीक्षेसाठीं मुलांस संरक्षणावांचून ठेवणें कोणाच्या मनास रुचेल? रक्तांतील खूण विश्वसनीय ठरली, तर थोड्या मुलांत, थोड्या महिन्यांत निर्णय होईल. म्हणून जगांतील संशोधक ह्या धुराच्या मागें लागले आहेत. लस पाजल्यावर प्रत्येक मिलिलिटरमागें २० एकक किंवा अधिक आयजीए आढळलें, तर सामान्यतः त्या मुलाच्या शरीरानें लशीस ओ दिली असें ते धरतात.

तप्त लोहगोल

परंतु न्यायशास्त्राचा दुसरा पाठही आहे. भट्टींत लाल केलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, पण धूर नसतो. म्हणजे धुरावरून अग्नि सिद्ध होतो; धूर नाहीं म्हणून अग्नि नाहीं, असें सिद्ध होत नाहीं. रोटाच्या बाबतींत नेमकें हेंच घडतें. लस घेऊनही ज्यांच्या रक्तांत आयजीए फारसें उमटलें नाहीं, अशांतही पुष्कळ मुलें तीव्र आजारापासून वांचतात. कारण आंतड्यांतील पहाऱ्याचा सगळाच पडसाद रक्तांत उमटतो असें नाहीं. शिवाय प्रतिपिंडांखेरीज शरीराच्या लढाऊ पेशींचेंही बळ असतेंच.

उलट बाजूचाही अनुभव आहे. दंडांत टोचावयाची एक नवी लस तयार झाली. आरंभींच्या परीक्षांत तिनें रक्तांत आयजीजी उत्तम वाढविलें. परंतु आफ्रिकेंतील मोठ्या परीक्षेंत ती जुन्या, तोंडावाटें पाजण्याच्या लशीहून सरस ठरली नाहीं, आणि ती परीक्षा आवरती घ्यावी लागली. दुरून जो धूर वाटला, तो पाहिजे त्या अग्नीचा नव्हता.

आणखी एक कोडें आहे. तपासणींत जें आयजीए मोजलें जातें, तें बव्हंशीं विषाणूच्या मधल्या आवरणाविरुद्ध असतें. पण अखंड विषाणूचें तें आवरण बाहेरच्या आवरणाखालीं झांकलेलें असतें. म्हणून परीक्षानळींत हें प्रतिपिंड विषाणूस निष्प्रभ करूं शकत नाहीं. मग तें खूण कसें ठरावें? १९९६ सालीं उंदरांवरील प्रयोगांत एक विलक्षण गोष्ट दिसली. मधल्या आवरणाविरुद्धचें आयजीए रक्तावाटें मिळालें तर उंदीर वांचत. तेंच बाहेरून थेट आंतड्याच्या पोकळींत सोडलें तर वांचत नसत. त्यावरून असा तर्क निघाला कीं, आयजीए पेशीच्या आरपार जातांना, पेशींत शिरून बाहेरचें आवरण टाकून बसलेल्या विषाणूस आंतल्या आंतच गांठतें. चोर अंगरखा उतरून बसला असतां माजघरांत धरला जावा, तसें हें झालें. मनुष्याच्या शरीरांत ह्या मार्गाचा वाटा किती, ह्यावर अजून विचार चालू आहे. तात्पर्य, धूर अग्नीचें कारण नव्हे. तो केवळ सोबती आहे. कधीं तो अग्नीच्या अगदीं जवळचा असतो, कधीं दूरचा.

आपल्या देशांतील गोष्ट

आतां वेल्लोरच्या प्रश्नाकडे परत येऊं. युरोपांत जी लस पहिल्या हंगामांत तीव्र आजारापासून शेंकडा सुमारें ९६ इतकें संरक्षण देते, तीच आफ्रिकेंतील मलावी देशांत सुमारें ४९ देते. जेथें लशीनंतर मुलांच्या रक्तांत आयजीए कमी चढतें, तेथें संरक्षणही कमी व लवकर ओसरणारें, असें अनेक देशांच्या तुलनेंत आढळलें आहे. देशादेशांच्या तुलनेपुरता धूर खरोखर चांगला ठरतो.

कारणें अनेक सांगतात. लस म्हणजे सौम्य केलेला जिवंत विषाणु; तो आंतड्यांत थोडा वाढला तरच शरीर शिकतें. आपल्याकडील आईच्या अंगीं ह्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडें भरपूर असतात. तीं वारेंतून व दुधांतून मुलास मिळतात आणि लशीसही अडवितात. आंतड्यांत त्याच वेळीं इतर जंतूंची गर्दी असते. पोषण उणें असतें. कांहीं मुलांच्या जन्मजात रक्तगुणामुळें विषाणूचा कांटा पेशीस नीट चिकटतच नाहीं. हें वाचून कोणी मातेनें डोसाच्या आधीं दूध तोडूं नये. दिल्लीस ह्याचा प्रयोग झालेला आहे; डोसाच्या आगेमागें अर्धा तास दूध थांबवून कांहींएक लाभ दिसला नाहीं. आईचें दूध चालूच ठेवावें.

आपल्या देशाची लस कशी आली, तीही कथा ऐकण्याजोगी आहे. १९८० नंतरच्या दशकांत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. महाराज किशन भान ह्यांच्या लक्षांत आलें कीं, तेथील नवजात अर्भकांच्या कक्षांत रोटाचा एक वाण मुलांस बाधतो, पण आजारी करीत नाहीं. आणि अशा मुलांस पुढें रोटाचे जुलाब कमी होतात. निसर्गानें स्वतःच काढून ठेवलेली ही लस होती. त्या ११६ई वाणापासून हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीनें 'रोटाव्हॅक' तयार केली. दिल्ली, वेल्लोर व आपल्या पुणें जिल्ह्यांतील वढू ह्या तीन ठिकाणीं ६,७९९ अर्भकांवर तिची परीक्षा होऊन २०१४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तीव्र आजारापासून संरक्षण शेंकडा सुमारें ५४. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें 'रोटासिल' ही दुसरी लस काढली. २०१६ सालीं चार राज्यांत शासनानें ही लस फुकट पाजण्यास प्रारंभ केला, आणि २०१९ पर्यंत ती सर्व देशभर पोंचली.

शेंकडा ५४ म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण आमच्या घरचा वाद येथेंच अडला होता. शंभरांपैकीं ४६ मुलें आजारी पडणार, असा ह्याचा अर्थ नव्हे. लस नसती तर जीं शंभर मुलें तीव्र आजारानें रुग्णालयांत जावयाचीं, त्यांतलीं ५४ आतां जाणार नाहींत, असा अर्थ आहे. शिवाय लशीचा हेतु जुलाब मुळींच होऊं नयेत हा नाहीं. मूल सुकून मरणाच्या दारीं जाऊं नये, हा आहे. आमच्या नातवास जुलाब झाले, पण सलाईन लावावें लागलें नाहीं. तें लशीमुळें कीं वेळेवर पाणी पाजल्यामुळें, हें एका मुलाकडे पाहून ब्रह्मदेवही सांगूं शकणार नाहीं. हजारों मुलांचा हिशेब केला म्हणजेच तें दिसतें.

मग तपासणी करावी काय?

चिरंजिवांस आम्हीं सांगितलें तें असें. आतां बाळास प्रत्यक्ष बाधा होऊन गेली आहे. रक्तांत आयजीए सांपडलें, तर तें लशीचें कीं ह्या आजाराचें, हें साध्या तपासणीवरून निवडतां येणार नाहीं. नाहींच सांपडलें, तर तप्त लोहगोलाची गोष्ट आहेच. आणि कांहींही निघालें तरी आपण करावयाचें तें एकच राहणार. जी खूण समूहाचा निवाडा करण्यास उत्तम, ती एका मुलाचें भविष्य सांगण्यास पुरत नाहीं. शाळेची सरासरी चांगली म्हणून एकादा विद्यार्थी उत्तीर्णच होईल असें नाहीं, आणि सरासरी उणी म्हणून तो नापासच होईल असेंही नाहीं. सूनबाईंचा प्रश्न बरोबर होता. सुई टोचली नाहीं.

करावयाचें तें थोडक्यांत येथें देतों. लशीचे तिन्ही डोस वेळेवर पाजावेत. लशीनंतर फार क्वचित् आंतड्याचा एक भाग दुसऱ्यांत शिरून अडकतो. ह्याच कारणानें अमेरिकेंतील पहिली लस १९९९ सालीं मागें घेण्यांत आली. सध्यांच्या लशींत हा धोका अत्यल्प आहे, व भारतांत लस सुरू झाल्यानंतरच्या पाहणींत तो वाढलेला आढळला नाहीं. तरी मूल थांबून थांबून कळवळून रडूं लागलें, वारंवार ओकलें, शौचास रक्त पडलें, तर तत्काळ रुग्णालय गांठावें. जुलाब लागतांच जलसंजीवनीची पुडी तिजवर छापलेल्या प्रमाणांत स्वच्छ पाण्यांत विरघळवून चमच्याचमच्यानें पाजीत राहावें. ओकारी झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां सुरू करावें. आईचें दूध व नेहमींचा आहार बंद करूं नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानें जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात. जुलाब बांधणारीं औषधें लहान मुलास देऊं नयेत. जंतुनाशक औषधें विषाणूवर चालत नाहींत. टाळू खोल गेली, डोळे आंत ओढले, लघवी थांबली, रडतांना अश्रु येईनासे झाले, मूल मलूल पडलें, तर क्षणभरही घरीं थांबूं नये.

शेवटीं एक घरची गोष्ट सांगतों. १९६८ सालीं, आम्ही आठ वर्षांचे असतां, आमची अकरा महिन्यांची धाकटी बहीण असल्याच जुलाबांनीं तीन दिवसांत गेली. जुलाब होत असतां पाणी पाजलें तर ते वाढतात, पोटास विश्रांति द्यावी, अशी त्या वेळची सार्वत्रिक समजूत. तिचें पाणी बंद ठेवलें होतें. ती जीभ बाहेर काढून ओठ चाटीत असे, एवढें आम्हांस स्पष्ट आठवतें. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १९७१ सालीं, बंगालमधील बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ, साखर व सोडा ह्यांचें पाणी पिंपांतून पाजून पटकीचे मृत्यु शेंकडा तिसांच्या घरांतून चारांच्याही खालीं आणले. आमच्या बहिणीस झाला तो रोटाच होता कीं आणखी कांहीं, हें आतां कोण सांगणार? दोष कोणास द्यावा असेंही नाहीं. ज्ञान त्या दारापर्यंत पोंचलें नव्हतें.

ह्या पौषांत दुसऱ्या रात्रीं आम्हांस जाग आली, तों स्वयंपाकघरांत दिवा होता. मातोश्री पाटावर बसून, मांडीवरच्या पणतवास वाटींतलें जलसंजीवनीचें पाणी चमच्यानें पाजीत होत्या. सूनबाईंनीं सांगितलेल्या हिशेबानें दर दोन मिनिटांस एक चमचा. समोर घड्याळ ठेवलेलें. आम्हांस पाहून त्या म्हणाल्या, "दांतांचे असोत नाहीं तर तुमच्या चाकाचे असोत; पाणी थांबवावयाचें नाहीं, एवढें मला कळलें आहे." मग कांहीं वेळानें, आमच्याकडे न पाहतां, त्यांनीं विचारलें, "तेव्हां हें ठाऊक असतें, तर?"

आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. आम्हीं त्यांच्या हातांतील वाटी घेऊन त्यांस निजावयास पाठविलें, आणि उजाडेपर्यंत चमचा चालू ठेवला.